खेळाडूंचं ‘सोपं’ मेजर आणि तुमच्या मुलाचा राग

पत्राचा सारांश: पत्र लिहिणारे वाचक मूळचे सांगलीकडचे, आता बरीच वर्षं अमेरिकेच्या मिडवेस्टमध्ये स्थायिक. त्यांचा मुलगा बिग टेन या विद्यापीठांच्या क्रीडागटातल्या एका मोठ्या सरकारी विद्यापीठात मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. जीपीए (चारपैकी मोजलेली ग्रेडची सरासरी) ३.३४. डीन्स लिस्टसाठी, म्हणजे चांगल्या ग्रेडवाल्यांच्या मानाच्या यादीसाठी, ३.५ लागतो, त्यामुळे त्याचं नाव अजून एकदाही लागलेलं नाही. हातखर्चासाठी तो विद्यापीठाच्या खेळाडूंना गणित शिकवतो, ट्यूटर म्हणून. डिसेंबरात विद्यापीठाने अमेरिकन फुटबॉल संघातल्या अभ्यासासाठी गौरवलेल्या ‘अकॅडेमिक ऑल-बिग टेन’ मानकऱ्यांची यादी फोटोंसकट झळकवली. त्यात तो ज्याला शिकवतो तो खेळाडूही होता. यादीतल्या बहुतेकांची मेजर्स (पदवीचे मुख्य विषय) कम्युनिकेशन, स्पोर्ट मॅनेजमेंट, किनेसिऑलॉजी (शरीराच्या हालचालींचं शास्त्र). मुलगा भडकलाय. विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्रात या ‘सोप्या’ मेजर्सवर खेळाडूंच्या नावांनिशी लेख लिहायचा म्हणतो. आई म्हणते, नसत्या भानगडीत पडू नकोस. वडील लिहितात, “खरं सांगायचं तर मला मुलाचंच पटतं. रात्र-रात्र जागून थर्मोडायनॅमिक्स करणारा कोपऱ्यात आणि हे पोस्टरवर! हे पुरस्कार त्यांना मिळणं योग्य आहे का? आणि मुलाला लेख लिहू द्यावा का?”

नमस्कार,

तुमच्या पत्रातला एक आकडा तुमच्याच लक्षात आलेला दिसत नाही. तुमच्या मुलाचा जीपीए ३.३४ आहे. अकॅडेमिक ऑल-बिग टेनच्या यादीत यायला ३.० लागतो. खेळाडू त्या विद्यापीठात किमान दुसऱ्या वर्षाला असावा, त्याला संघाचं ‘लेटर’ (संघाकडून पुरेसं खेळल्याची मानाची खूण) मिळालेलं असावं आणि जीपीए ३.० च्या खाली नसावा, एवढ्याच अटी. म्हणजे तुमचा मुलगा संघात असता तर याच जीपीएवर त्याचाही फोटो लागला असता. तिथे पहिला-दुसरा नंबर नसतो, जागा मोजक्या नसतात. रेघ ओलांडली की नाव लागलं. ज्याला तुमचा मुलगा शिकवतो त्याचं नाव लागल्यामुळे कुणाही इंजिनिअरचं नाव गळलेलं नाही.

मग बाकीचे मान? त्यांचंही स्वरूप साधारण हेच, फक्त रेघ वर. ‘अकॅडेमिक ऑल-अमेरिका’ १९५२ पासून चालू आहे. विद्यापीठांच्या क्रीडाविभागात प्रसिद्धीचं काम पाहणाऱ्यांची संघटना ते देते. आता त्यासाठी ३.५ जीपीए लागतो, पण तेवढ्याने भागत नाही, मैदानावरची कामगिरीही बघतात. १९९० पासून दिल्या जाणाऱ्या, पुढे विल्यम कॅम्पबेल यांचं नाव दिलेल्या फुटबॉलमधल्या ट्रॉफीला ३.२ ची अट आहे, आणि खेळ व नेतृत्व हे निकष वेगळे. या सगळ्या स्पर्धा खेळाडूंच्या खेळाडूंशी आहेत. आपल्याकडे बोर्डाच्या परीक्षेत खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात, ते थेट मार्कांत मिळवले जातात. इथे तसं काही नाही. जीपीएत खेळाचा एक गुणही मिसळलेला नसतो. ‘खेळता खेळता ज्यांनी अभ्यास सांभाळला त्यांच्यातले हे’, एवढंच ते प्रमाणपत्र म्हणतं.

पोस्टर मात्र त्याहून जास्त बोलतं, हे मला मान्य आहे. टीव्हीच्या हक्कांवर अमाप पैसा मिळवणारं विद्यापीठ बी सरासरीचे फोटो भिंतीएवढे करून लावतं, तेव्हा त्याला खेळाडूचं कौतुक असतंच, पण त्याहून जास्त स्वतःची बाजू मांडायची असते: बघा, आमची मुलं नुसती खेळत नाहीत, शिकतातही. हा जाहिरातीचा भाग तुमच्या मुलाला खटकला असेल तर त्याला वास बरोबर आला आहे. राग मात्र फोटोतल्या मुलावर निघाला.

आता मेजर्सकडे येऊ. वेगवेगळ्या विषयांतले जीपीए एका काट्यावर तोलता येत नाहीत, हे त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे आणि विद्यापीठांनाही ते चांगलं ठाऊक आहे. डार्टमथ कॉलेज विद्यार्थ्याच्या गुणपत्रकावर त्याच्या ग्रेडशेजारी त्या वर्गाची मध्यम ग्रेडही (वर्गातल्या अगदी मधल्या विद्यार्थ्याची) छापतं, म्हणजे वाचणाऱ्याला कळावं की ‘ए’ सगळ्यांनाच मिळाली होती की कष्टाने. कॉर्नेलने कोर्सागणिक मध्यम ग्रेड वेबसाइटवर टाकून पाहिल्या. मुलं नेमकी उदार प्राध्यापकांच्या वर्गांकडे वळू लागली, आणि २०११ मध्ये ती यादी काढून टाकावी लागली. प्रिन्स्टनने २००४ मध्ये ठरवलं की प्रत्येक विभागात ‘ए’ गटातल्या ग्रेड साधारण ३५ टक्क्यांच्या आत राहाव्यात. दहा वर्षांनी तेही गुंडाळलं. तेव्हा तुमच्या मुलाला दिसलेली गोष्ट खरीच आहे. फक्त ती फुटबॉलची नाही. त्याच विद्यापीठात कधीही बॉल हातात न धरलेली, कम्युनिकेशन शिकणारी शेकडो मुलं ३.८, ३.९ घेऊन डीन्स लिस्टवर झळकत असतील. त्यांच्यावर लेख लिहावासा त्याला का वाटला नाही? हा प्रश्न त्याला जरूर विचारा. स्वतःलाही विचारा.

आणि ‘सोपं मेजर’ म्हणताना आपला सूर कुठून येतो तेही बघा. दहावीला नव्वद टक्के मिळवून कुणी आर्ट्सला गेलं की ‘अरेरे, का बरं?’ म्हणणारी माणसं आपण. विमानात बसताना तो सूर आपण सामानात भरून आणला. किनेसिऑलॉजीमध्ये शरीररचना, शरीरक्रिया, स्नायू-सांध्यांचं यंत्रशास्त्र हे सगळं असतं. तुमचा मुलगा स्टॅटिक्समध्ये जी बलं काढतो तीच तिथे गुडघ्यावर लावतात. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाचा फुटबॉलपटू मायरन रोल याने एक्सरसाइज सायन्सची पदवी अडीच वर्षांत संपवली. ऱ्होड्स स्कॉलर झाला, ऑक्सफर्डला जाण्यासाठी एनएफएल, म्हणजे व्यावसायिक फुटबॉल, एक वर्ष पुढे ढकललं, आणि आज तो मेंदूचा शल्यविशारद आहे. स्पोर्ट मॅनेजमेंटचं इतकं ठणकावून सांगता येणार नाही. काही ठिकाणी तो कोर्स खरंच पातळ असतो. पण जो मुलगा उद्या कोचिंग करणार, क्रीडा कंपनीत जाणार किंवा शाळेचा क्रीडाविभाग सांभाळणार, त्याने नेमकं काय शिकायला हवं होतं?

माझ्या मते तुमच्या पत्रात विचारायचा राहून गेलेला खरा प्रश्न असा: ते मेजर निवडलं कुणी?

नॉर्थवेस्टर्न हे बिग टेनमधलं अभ्यासाच्या बाबतीत सर्वांत मानाचं विद्यापीठ. तिथला क्वार्टरबॅक केन कोल्टर याला डॉक्टर व्हायचं होतं. २०१४ मध्ये खेळाडूंची युनियन व्हावी म्हणून राष्ट्रीय कामगार संबंध मंडळासमोर सुनावणी झाली, तेव्हा त्याने शपथेवर सांगितलं की मेडिकलच्या वाटेवरचा केमिस्ट्रीचा वर्ग सकाळच्या प्रॅक्टिसच्या आड येत होता. तो वर्ग त्याला वेळेवर घेता आला नाही, तो मागे पडला आणि शेवटी सायकॉलॉजीकडे वळला. त्याच प्रकरणात मंडळाच्या प्रादेशिक संचालकांनी नोंदवलं की हंगामात हे खेळाडू आठवड्याला ४० ते ५० तास फुटबॉलला देतात, आणि हंगामाआधीच्या शिबिरात ५० ते ६०. त्यांनी खेळाडूंना विद्यापीठाचे कर्मचारी ठरवलं. पुढच्या वर्षी वरच्या मंडळाने त्या प्रकरणात हात घालायचं नाकारलं आणि युनियन बारगळली. पण ती साक्ष राहिली.

कागदावर एनसीएएचा, म्हणजे कॉलेजांतल्या खेळांवर देखरेख ठेवणाऱ्या संघटनेचा, नियम आठवड्याला २० तासांचा आहे. त्यात प्रवास धरत नाहीत, दुखापतीवरचे उपचार धरत नाहीत, ‘ऐच्छिक’ व्यायाम धरत नाहीत. सामन्याचा अख्खा दिवस तीन तास म्हणून मोजतात. एनसीएएच्या स्वतःच्या पाहण्यांत वरच्या गटातले फुटबॉल खेळाडू हंगामात आठवड्याला चाळीसहून जास्त तास सांगतात. यात तुमच्या मुलाची दुपारची तीन तासांची लॅब बसवून बघा. त्याच्याच टाइमटेबलवर पेन्सिलने मांडायला सांगा.

याच्या जोडीला दुसरा एक नियम आहे, तो बाहेरच्या लोकांना फारसा माहीत नसतो. तो आला चांगल्या हेतूने, खेळाडूंनी नुसती वर्षं काढू नयेत म्हणून. दुसरं वर्ष संपताना पदवीचा ४० टक्के भाग पूर्ण हवा, तिसरं संपताना ६०, चौथं संपताना ८०. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला मेजर जाहीर केलेलं हवं आणि टक्केवारी त्याच मेजरची मोजायची. तुमचा मुलगा उद्या मेकॅनिकल सोडून कॉम्प्युटर सायन्सला गेला तर फार तर एखादं सेमिस्टर वाढेल, तुमचा खिसा थोडा हलका होईल. खेळाडूने तसं केलं तर जुन्या मेजरचे जे क्रेडिट नव्यात बसत नाहीत ते वाया, टक्केवारी कोसळते आणि तो खेळायला अपात्र ठरू शकतो. मग खेळाडूंचा अभ्यास-सल्लागार काय सांगणार? जिथे वर्ग सकाळी लवकर किंवा ऑनलाइन मिळतात, जिथे जुने क्रेडिट चालतात, जिथे संघातली आणखी आठ मुलं आहेत, तिथे जा. अठरा वर्षांचा मुलगा, घरातून कॉलेजात आलेला कदाचित पहिलाच, त्याचं ऐकतो. दोन वर्षांनी त्याच मेजरवरून त्याला हसलं जातं.

अपवाद आहेत, आणि ते भन्नाट आहेत. पेन स्टेटचा जॉन अर्शेल आक्रमक फळीत गार्ड म्हणून खेळायचा, त्याच वेळी विद्यापीठात गणिताचे वर्ग घ्यायचा. २०१३ ची कॅम्पबेल ट्रॉफी त्याची. बाल्टिमोर रेव्हन्स या व्यावसायिक संघाकडून खेळता खेळता त्याने एमआयटीत गणितात पीएचडी सुरू केली, २०१७ मध्ये फुटबॉल सोडलं आणि आता तो तिथेच शिकवतो. टेनेसीचा क्वार्टरबॅक जोशुआ डॉब्स एरोस्पेस इंजिनिअर. ही नावं कुणी तुमच्या मुलाच्या तोंडावर फेकली, ‘बघ, जमतं की नाही?’ म्हणून, तर त्याने गप्प बसू नये. असामान्य माणसाला जमलं म्हणून वाट मोकळी आहे असं ठरत नाही. आणि हीच नावं पुढे करून बाकीच्या खेळाडूंना हिणवायचा हक्क त्यालाही मिळत नाही.

उघड लबाडीही झालेली आहे, ती झाकायचं कारण नाही. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात, चॅपल हिलला, १९९३ ते २०११ अशी अठरा वर्षं एका विभागात ‘पेपर क्लासेस’ चालले. तास नाहीत, प्राध्यापक नाहीत, शेवटी एक निबंध द्यायचा. तो तपासायची विभागातली एक कर्मचारी, आणि ग्रेड सढळ हाताने. २०१४ च्या चौकशी अहवालाप्रमाणे ३,१०० हून जास्त विद्यार्थ्यांनी असे वर्ग घेतले. त्यातले जवळजवळ निम्मे खेळाडू होते. उरलेले तुमच्या-माझ्या मुलांसारखेच, बिनखेळाचे. २०१७ मध्ये एनसीएएने विद्यापीठाला यासाठी शिक्षा केली नाही, कारण ते वर्ग सगळ्यांनाच खुले होते, नुसत्या खेळाडूंना नव्हते! हा प्रकार वाचून माझं आजही डोकं फिरतं. पण खोटा वर्ग वेगळा आणि सोपा वर्ग वेगळा. खोट्या वर्गात विद्यार्थ्याला शिक्षणच मिळत नाही, मग कुठला पुरस्कार आणि कसलं काय. सोप्या वर्गात शिकलेला मुलगा तुमच्या मुलाचं काही देणं लागत नाही.

पैशाचा मुद्दा तुम्ही काढलेला नाही, पण मुलगा काढेल, म्हणून आधीच सांगते. २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ॲल्स्टन खटल्यात एकमताने निकाल दिला. त्यानंतर विद्यापीठं खेळाडूंना अभ्यासाशी निगडित बक्षीस म्हणून वर्षाला ५,९८० डॉलरपर्यंत रोख देऊ शकतात. हा आकडा अभ्यास मोजून आलेला नाही. खेळातल्या बक्षिसांना जेवढी कमाल रक्कम चालत होती तेवढीच अभ्यासाला, असा तो हिशेब. द्यायचे की नाहीत, कुठल्या अटीवर द्यायचे, हे प्रत्येक विद्यापीठ स्वतः ठरवतं. तुमच्या मुलाच्या विद्यापीठात ती अट काय आहे? ती नुसत्या पात्र राहण्याची असेल तर त्याला ‘अकॅडेमिक’ बक्षीस म्हणणं मलाही जड जाईल. हा विचारण्याजोगा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर पोस्टरवर मिळत नाही.

आता लेख. लिहू द्या. पण हा लेख नको.

पहिली अडचण कायद्याची. १९७४ च्या फर्पा कायद्याने विद्यार्थ्याच्या शैक्षणिक नोंदी खासगी ठरवल्या. विद्यार्थ्याचं मेजर, मिळालेले मान, आणि संघातल्या खेळाडूचं वजन व उंचीसुद्धा (हो, कायद्यात तसं लिहिलंय!) विद्यापीठ सहसा जाहीर करू शकतं. ग्रेड नाही. तुमचा मुलगा ट्यूटर आहे. कुणाला अपूर्णांक येत नाहीत, कुणी दोनदा नापास झालं, हे त्याला कामामुळे कळतं. त्यातलं एक वाक्य जरी लेखात आलं तर नोकरी जाईल आणि पुढे शिस्तभंगाची कारवाईही होऊ शकेल. नाव न घालता ‘मी ज्याला शिकवतो तो’ असं लिहिलं तरी संघातले सगळे ओळखतील.

दुसरी अडचण कायद्याबाहेरची, पण जास्त नाजूक. त्या यादीतली बरीच मुलं कृष्णवर्णीय असतील. भारतीय घरातल्या इंजिनिअर मुलाने त्यांच्या नावानिशी ‘यांचा अभ्यास तो काय अभ्यास’ असं छापलं तर ते कसं वाचलं जाईल? त्याच्या मनात तसं काही नसेल, मी धरून चालते. पण आपल्याकडे ‘मेरिट’बद्दलची कुजबुज कुणाच्या पाठीमागे होते, कुणाचे मार्क न विचारता कमी धरले जातात, हे तुम्ही सांगलीत पाहिलेलं असणार. मुलाने ते पाहिलेलं नाही. त्याला ते सांगण्याचं काम तुमचं आहे.

मग लिहायचं काय? एकही नाव न घेता, नुसत्या उघड माहितीवर भरपूर लिहिता येईल. संघाच्या वेबसाइटवर बहुतेक वेळा खेळाडूंची मेजर्स असतात. ती मोजावीत आणि सगळ्या विद्यापीठाच्या आकड्यांशेजारी ठेवावीत. कुठे गर्दी दिसते? पहिल्या वर्षी इंजिनिअरिंग किंवा प्री-मेड (मेडिकलची पूर्वतयारी) म्हणून आलेल्या किती खेळाडूंनी ते तिसऱ्या वर्षापर्यंत टिकवलं? क्रीडाविभागाला हा प्रश्न लेखी विचारावा. उत्तर दिलं नाही तर तेही छापावं. इंजिनिअरिंगच्या सक्तीच्या लॅब कुठल्या वेळेला असतात आणि प्रॅक्टिस कुठल्या वेळेला? पदवी घेऊन बाहेर पडलेल्या दोन-तीन खेळाडूंशी बोलावं, त्यांना आता कुणाची भीती नसते. असा लेख मी स्वतः आवडीने वाचेन. सध्या तो ज्याला शिकवतो त्या मुलाशीही बोलावं, लेखासाठी नव्हे, असंच. ‘तुला खरं काय शिकायचं होतं?’ एवढं विचारलं तरी चालेल. उत्तर ‘हेच’ असंही येईल, आणि तसं आलं तर ते खरं मानावं.

त्याच्या ३.३४ बद्दल बोलायचं राहिलं. डीन्स लिस्टच्या रेघेवर अख्खं विद्यापीठ एकाच काट्याने तोललं जात असेल तर त्याचं भांडण तिथे आहे. विद्यार्थी प्रतिनिधींमार्फत, प्रत्येक कॉलेजातले वरचे अमुक टक्के, असा निकष मागता येतो. काही ठिकाणी तो आहेच. इंजिनिअर्सची टाऊ बेटा पाय ही मानाची संस्था नेमकं तेच करते: तिसऱ्या वर्षाला आपल्याच कॉलेजातल्या वरच्या एक अष्टमांशात, चौथ्या वर्षाला एक पंचमांशात असाल तर तुम्ही पात्र. तो कितव्या क्रमांकावर आहे हे त्याने विचारलंय का? बायोडेटावर मेजरमधल्या विषयांचा जीपीए वेगळा काढून तो जास्त असेल तर तोही लिहावा, आणि शेजारी आठवड्याला किती तास ट्यूटरचं काम केलं तेही. भरती करणारी इंजिनिअर मंडळी ३.३४ मेकॅनिकलकडे कम्युनिकेशनच्या ३.९ शेजारी ठेवून बघत नाहीत.

हा मजकूर आणखी काही घरांत वाचला जाईल, जिथे मुलगी उत्तम पोहते किंवा मुलगा टेनिस खेळतो आणि कॉलेजांच्या कोचचे फोन यायला लागलेत. तुमच्यासाठी एवढंच: कॅम्पसवर बोलावतील तेव्हा स्टेडियम बघून हुरळून जाऊ नका. सध्याच्या संघात इंजिनिअरिंगचे किती, नर्सिंगचे किती, ते विचारा. लॅब आणि प्रॅक्टिस एकाच वेळी आली तर कोण माघार घेतो? ‘बघू, जमवू’ हे उत्तर नव्हे. कोच खोलीत नसताना दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या खेळाडूंना तोच प्रश्न पुन्हा विचारा. खेळाची स्कॉलरशिप नसलेली डिव्हिजन थ्रीची कॉलेजंही यादीत असू द्या. तिथे कोचच्या हातात पैशाची दोरी नसल्यामुळे केमिस्ट्रीच्या लॅबसाठी सुट्टी मागणं बहुधा सोपं जातं.

आणि तुमच्या मुलाला सांगा, लेखाचा पहिला शब्द लिहिण्याआधी ट्यूटरच्या नोकरीच्या वेळी सही केलेला गोपनीयतेचा कागद शोधून नीट वाच. शंका असेल तर वृत्तपत्राच्या संपादकाला आधीच सांग की मी तिथे काम करतो. कदाचित ते लिहिण्याचं काम दुसऱ्याला देतील आणि आकडे काढायचं याच्याकडे ठेवतील. त्यातही काही बिघडत नाही.